उशिराचा अर्ज : आता करावा की थांबावे?

प्रश्न : मी २८ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर असून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षांपासून उत्पादन विभागात काम करतो. अमेरिकेत एमबीए करावे, असे तीन वर्षांपासून मनात आहे. यंदा जानेवारीच्या दुसऱ्या फेरीत अर्ज करायचे ठरवले होते. परंतु नोव्हेंबरमध्ये वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे दोन महिने रुग्णालय आणि घर यांतच गेले. एमबीए प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा अखेर फेब्रुवारीत दिली आणि ६५५ गुण मिळाले. मी निवडलेल्या तीन संस्थांची तिसरी फेरी एप्रिलच्या सुरुवातीला बंद होते. ‘राउंड थ्रीमध्ये भारतीयांना कोणी घेत नाही’ असे मित्र सांगतात, तर एक सल्लागार म्हणतात की अर्ज करून ठेवण्यात नुकसान काहीच नाही. घरी लग्नाचा विषय निघू लागला आहे आणि वर्षभर थांबलो तर वयाची २९ वर्षे पूर्ण होतील. निबंधाचा मसुदा सोबत जोडला आहे. शिफारसपत्राबाबत साहेबांनी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगितले आहे. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : वडिलांची तब्येत आता सुधारली असेल, अशी आशा करतो. तुम्हाला निर्णय लवकर घ्यायचा आहे, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर मांडतो. अमेरिकेतील तीनही अर्ज यंदा करू नका. ते सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत, पूर्ण तयारीनिशी करा. आणि वर्ष वाया जाऊ नये असे फारच वाटत असेल, तर युरोपातील जानेवारीत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांकडे वळा, कारण तिथे तुम्हाला उशीर झालेलाच नाही.

तिसऱ्या फेरीत भारतीयांना कोणी घेत नाही, हे मित्रांचे म्हणणे खरे नाही. स्टॅनफर्ड आणि व्हार्टनसारख्या संस्था आजही तिसरी फेरी ठेवतात आणि त्या फेरीतून विद्यार्थी घेतातही. हार्वर्डने मात्र नेहमीच्या अर्जांसाठी सप्टेंबर आणि जानेवारी अशा दोनच फेऱ्या ठेवल्या आहेत. या फेऱ्या कशा चालतात ते पाहिले, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते दिसते. पहिल्या दोन फेऱ्यांमध्ये बहुतेक वर्ग भरलेला असतो. तिसऱ्या फेरीपर्यंत प्रवेश समितीसमोर अर्ध्याहून अधिक तयार झालेले एक चित्र असते आणि त्या चित्रात जे अजून आलेले नाही, त्याचा शोध ती घेत असते. एखादा लष्करी अधिकारी, एखादी वैद्य, ग्रामीण भागात संस्था उभी करणारा कार्यकर्ता अशा अर्जदाराला त्या वेळी जागा सापडू शकते. पाच-सहा वर्षे उत्पादनात किंवा माहिती तंत्रज्ञानात काम केलेले भारतीय अभियंते मात्र पहिल्या दोन फेऱ्यांमध्येच मोठ्या संख्येने अर्ज करून गेलेले असतात. तुमचे ६५५ गुण चांगले आहेत (जुन्या पद्धतीच्या सातशे गुणांच्या बरोबरीने ज्या ६४५ गुणांकडे पाहिले जाते, त्याच्याही ते वर आहेत). परंतु तसेच गुण असलेले आणि तशीच नोकरी करणारे अनेक जण तुमच्या आधी निवडले गेलेले असतील. तुमच्या योग्यतेचा यात काहीच दोष नाही. त्या वेळी जागाच थोड्या उरलेल्या असतात.

तरीही प्रवेश मिळाला असे गृहीत धरू, कारण माझी खरी काळजी त्यापुढची आहे. एप्रिलच्या सुरुवातीला केलेल्या अर्जाचा निकाल मेच्या मध्यावर किंवा अखेरीस येतो. वर्ग ऑगस्टमध्ये, काही ठिकाणी सप्टेंबरमध्ये सुरू होतात. या दोन-अडीच महिन्यांत तुम्हाला काय काय करायचे आहे, ते एकदा कागदावर मांडून पाहा. पहिल्या श्रेणीच्या संस्थेतील दोन वर्षांचा राहण्या-खाण्यासह एकूण खर्च आज दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. एवढे कर्ज घर तारण ठेवून काढायचे म्हटले, तर मालमत्तेचे मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल, वडिलांच्या सह्या आणि बँकेच्या वरच्या कार्यालयाची मंजुरी यांत आठवडे जातात. आणि नुकत्याच बायपासमधून उठलेल्या माणसाला कागदांसाठी बँकेच्या चकरा मारायला लावायच्या का, याचाही विचार करावा लागेल. पैशांची व्यवस्था दाखवल्याखेरीज संस्था आय-२० हे प्रमाणपत्र देत नाही, ते आल्याखेरीज परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरता येत नाही आणि ते भरल्याखेरीज व्हिसाच्या मुलाखतीला उभे राहता येत नाही. म्हणजे ही कामे एकाच वेळी होत नाहीत, एकामागून एक होतात आणि एक अडले की पुढची सगळी अडतात.

२०२५ साली काय झाले, ते आठवा. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबवले. समाजमाध्यमांवरील खात्यांची अधिक कसून तपासणी करण्यासाठी ही स्थगिती होती आणि ती १८ जूनच्या सुमारास उठली. तीन आठवडे तसे फार नव्हेत. पण नंतर तारखांसाठी जी झुंबड उडाली, तिचा फटका ज्यांचे कागद उशिरा आले त्यांना सर्वाधिक बसला. जानेवारीत अर्ज करून मार्चमध्ये प्रवेश मिळालेल्यांना वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीची तारीख आधीच घेऊन ठेवण्याची संधी होती. मेमध्ये प्रवेश मिळालेल्यांना ती नव्हती. प्रत्येक वर्षी असे घडेलच असे नाही. परंतु तिसऱ्या फेरीतून जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याजवळ अशा धक्क्यासाठी राखीव दिवसच नसतात आणि ‘प्रवेश पुढच्या वर्षी ढकला’ ही विनंती संस्था सहसा मान्य करत नाहीत.

शिष्यवृत्तीचे गणितही असेच आहे. संस्थांचा स्वतःचा निधी पहिल्या दोन फेऱ्यांमध्ये बराचसा वाटला गेलेला असतो. आपल्याकडील जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना कर्जरूप शिष्यवृत्ती देते. तिचे अर्ज साधारणपणे हिवाळ्यात निघतात आणि मार्चच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे प्रवेश हातात येण्याची वाट पाहणाऱ्याला तो मार्ग त्या वर्षापुरता मिटलेला असतो. इन्लॅक्स शिष्यवृत्तीचे नाव तुमच्या कानावर आले असेल, पण ती व्यवस्थापन शिक्षणासाठी दिलीच जात नाही. तिच्यामागे वेळ घालवू नका.

अर्ज करून ठेवण्यात नुकसान काहीच नाही, असे सांगणाऱ्या सल्लागारांशी मी सहमत नाही. नकार आला तर त्याच संस्थेत सप्टेंबरमध्ये तुम्ही ‘पुन्हा अर्ज करणारे’ ठरता. अनेक संस्था अशा अर्जदाराकडून वेगळा निबंध मागतात आणि मागील अर्जानंतर तुमच्यात काय बदलले, असे विचारतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करणाऱ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर असते. मेमध्ये नकार आणि सप्टेंबरमध्ये अर्ज, या चार महिन्यांत तुम्ही काय दाखवणार? घाईने केलेला कच्चा अर्ज त्यांच्या दप्तरात राहतो आणि पुढचा चांगला अर्ज त्याच्या शेजारी ठेवून वाचला जातो.

आता तुमच्या निबंधाविषयी, कारण माझे मत मुख्यतः तो वाचून बनले आहे. पहिल्या दोन परिच्छेदांत तुम्ही ‘जागतिक दृष्टिकोन’, ‘नेतृत्वगुणांचा विकास’ आणि ‘धोरणात्मक विचार’ असे शब्द वापरले आहेत. या शब्दांत खोटे काही नाही, पण तुमचेही काही नाही. चौथ्या परिच्छेदात मात्र एकच वाक्य असे आहे की मी तिथे थांबलो : रात्रपाळीत पेंट शॉपची लाइन बंद पडली, तुम्ही दुरुस्ती विभागाची वाट न पाहता कंत्राटी कामगारांना बरोबर घेऊन बिघाड शोधला आणि तो शोधून देणारा माणूस दहावी नापास होता. हे तुम्ही एका ओळीत उरकले आणि पुढच्याच ओळीत ‘यातून संघभावनेचे महत्त्व कळले’ असे लिहून मोकळे झालात. त्या कामगाराला बिघाड कसा कळला? त्यानंतर तुम्ही त्याच्यासाठी, किंवा पाळीच्या कामाच्या पद्धतीत, काही बदल केला का? केला नसेल, तर का करता आला नाही? तुम्हाला व्यवस्थापन कशासाठी शिकायचे आहे, याचे उत्तर त्या रात्रीत आहे, असे मला मनापासून वाटते. ते नीट उलगडून लिहायला तुम्हाला दोन-तीन महिने लागतील आणि ते महिने एप्रिलच्या आत मिळणार नाहीत. वडिलांच्या आजारपणाचा उल्लेख ऐच्छिक निबंधात तीन-चार साध्या ओळींत करा; त्याहून अधिक लांबवू नका.

शिफारसपत्राची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ‘तूच लिहून आण’ ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि साहेबांच्या मनात त्यात वावगे काही नसेल. पण या संस्था शिफारस करणाऱ्यानेच लिहावे, असे स्पष्टपणे बजावतात आणि पत्राची लिंकही थेट त्यांच्याच ई-मेलवर पाठवतात. अनेक संस्थांनी स्वीकारलेल्या समान नमुन्यात एक प्रश्न असा असतो की, तुम्ही या अर्जदाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि तिला त्याने कसा प्रतिसाद दिला. या प्रश्नाचे उत्तर तुम्ही स्वतःच्या वतीने प्रामाणिकपणे लिहू शकत नाही. साहेबांबरोबर तासभर बसा. सहा वर्षांतील चार-पाच प्रसंग तारखांसह एका पानावर लिहून त्यांच्या हाती द्या आणि लिहिण्याचे काम त्यांच्यावर सोपवा. इंग्रजीचा संकोच असेल, तर साधे इंग्रजी चालते, असे त्यांना सांगा. मात्र हे त्यांना मार्चअखेरीच्या धांदलीत सांगू नका. तेव्हा उत्पादनाचे लक्ष्य आणि वार्षिक मूल्यमापन एकाच वेळी डोक्यावर असते आणि दोन ओळींत पत्र उरकले जाते. जूनमध्ये सांगितले, तर ते विचार करून लिहितील.

युरोपाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. फ्रान्स आणि सिंगापूर येथे शिकवणाऱ्या इन्सीडची एक तुकडी जानेवारीत आणि दुसरी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे आणि जानेवारीच्या तुकडीला मध्ये उन्हाळी इंटर्नशिपची संधी मिळते, जी दुसऱ्या तुकडीला मिळत नाही. तुम्हाला क्षेत्र बदलायचे असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे. पुढील जानेवारीचे अर्ज आता वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने घेतले जातात. पॅरिसजवळच्या एचईसीच्याही जानेवारी आणि सप्टेंबर अशा दोन तुकड्या असतात आणि स्वित्झर्लंडमधील आयएमडीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम जानेवारीतच सुरू होतो. शुल्क तिथेही मोठे आहे. इन्सीडचे शुल्कच एक लाख युरोच्या आसपास जाते. तरी इन्सीड आणि आयएमडीमध्ये नोकरीशिवायचा काळ साधारण एका वर्षाचाच राहतो, त्यामुळे वयाची आणि लग्नाची जी ओढाताण तुम्ही लिहिली आहे, तिला थोडा दिलासा मिळेल. २९ हे वय या कोणत्याही संस्थेत जास्त मानले जात नाही. युरोपातील वर्गात तर तुम्ही सरासरीच्या जवळपास असाल.

जीमॅट पुन्हा द्यावीशी वाटली, तर दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचे अंतर लागते आणि गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. मी तुमच्या जागी असतो, तर गुणांच्या मागे न लागता ते आठवडे निबंधाला दिले असते.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील विद्यार्थिनी असून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबरमधील कॅटचा अर्ज भरायचा राहून गेला, म्हणून आता एमबीएची सीईटी देणार आहे. आमच्या ओळखीच्या एका एजंटने सांगितले की, कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या फार उशिरा संपतात आणि तोपर्यंत चांगल्या जागा राहत नाहीत. पन्नास हजार रुपये आत्ता भरले, तर पुण्यातील एका महाविद्यालयात संस्थास्तरावरील (कॅपबाहेर महाविद्यालयाने स्वतः भरायची) जागा पक्की होईल. वडील शेती करतात आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. आम्ही ओबीसी प्रवर्गातील आहोत. पैसे भरावेत का?
– एक वाचक, अहमदपूर

उत्तर : नाही. एक रुपयाही भरू नका आणि मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला त्या गृहस्थांच्या हाती देऊ नका. दिला असेल, तर आजच परत मागा.

स्वतःची प्रवेश प्रक्रिया असलेली अभिमत आणि खासगी विद्यापीठे सोडली, तर सीईटीचा निकाल लागण्याआधी महाराष्ट्रातील एमबीएची जागा कोणीही पक्की करू शकत नाही. संस्थास्तरावरील जागासुद्धा गुणवत्तेनेच भराव्या लागतात आणि त्या प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. शुल्काव्यतिरिक्त अशी रक्कम घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याने मनाई आहे. पावती मिळणार का, असे एकदा त्यांना विचारून पाहा.

याहून महत्त्वाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती लागू नाही. म्हणजे तुम्ही आत्ता पन्नास हजार भरलेत, तर दोन वर्षांचे संपूर्ण शुल्क स्वतःच्या खिशातून भरण्याचा मार्ग स्वतःच निवडाल. वडिलांना हे शांतपणे समजावून सांगा. मुलीचे वर्ष जाऊ नये, एवढ्याच काळजीने ते पैसे द्यायला निघाले असतील.

कॅप उशिरा संपते, ही तक्रार खरी आहे आणि अनेक वर्षांची आहे. परंतु तो उशीर सगळ्यांनाच सारखा असतो, त्यामुळे त्यात तुमची जागा जात नाही. जागा जाते ती कागदांमुळे. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र, जात वैधता, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात जूनमध्ये रांगा लागतात, म्हणून हे सारे आत्ताच मार्गी लावा. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. त्याचा अर्ज अजून केला नसेल, तर सीईटीच्या अभ्यासातून एक दिवस काढून तो आधी करा. पसंतीक्रम भरताना ज्या महाविद्यालयात खरोखर जायचे आहे तेच पहिल्या क्रमांकावर लिहा, कारण पहिली पसंती मिळाली की ती जागा आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेरीचा दरवाजा बंद होतो. विद्यापीठाचा अंतिम निकाल कागदपत्रांच्या मुदतीआधी लागेल की नाही, याची चौकशी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात वेळेवर करत राहा. तिकडून दिरंगाई झाली, तर प्राचार्यांच्या पत्रासह विद्यापीठाकडे पाठपुरावा करता येतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. हार्वर्डच्या जानेवारीच्या फेरीची तारीख गेली, म्हणजे आता अर्ज करायला उशीर झाला, असेच समजायचे ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्यासाठी उशीर झालेला नाही. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी हार्वर्डचा ‘टू प्लस टू’ हा स्वतंत्र मार्ग आहे आणि त्याची मुदत एप्रिलमध्ये असते. निवड झाली, तर किमान दोन वर्षे नोकरी करून मग तुम्ही वर्गात दाखल होता. व्हार्टन आणि स्टॅनफर्ड यांच्याकडेही अशी लांबणीवरच्या प्रवेशाची सोय आहे. मुख्य अट अशी की, तुम्ही अजून पूर्णवेळ नोकरी सुरू केलेली नसावी. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी जूननंतर सुरू होत असेल, तर त्याने अडचण येत नाही. जीमॅट किंवा जीआरई दिलेली नसेल, तर परीक्षेची तारीख याच आठवड्यात घ्या. त्यानंतर प्रकल्पाचे मार्गदर्शक आणि इंटर्नशिपमधील वरिष्ठ, अशा दोघांना शिफारसपत्रासाठी भेटा, आणि तेही प्रत्यक्ष भेटा.